वेगस नक्की उभारलं कुणी? तिथल्या माणसांच्या आठवणींबद्दल मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी हेंडरसनला राहते, म्हणजे लास वेगसला खेटून. दर उन्हाळ्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी पाहुणे असतात, त्यांना स्ट्रिपवर (मोठमोठ्या कॅसिनो-हॉटेलांचा तो रस्ता) फिरवून आणायचं, कारंजी दाखवायची आणि मग रात्री जेवताना कुणीतरी म्हणतंच, "पण काय गं, या वाळवंटात हे सगळं उभारलं कुणी?" मी गेली काही वर्षं इथल्या जुन्या रहिवाशांच्या मुलाखती ऐकतेय, स्वयंपाक करताना, गाडी चालवताना, त्यामुळे मग माझं रामायण सुरू होतं. तेच तेच सांगून घसा बसला म्हणून सगळे प्रश्न एकदाचे इथे लिहून टाकतेय.

मौखिक इतिहास म्हणजे काय? म्हाताऱ्या माणसांच्या गप्पाच ना?

गप्पाच, पण शिस्तीतल्या. आधी अभ्यास करून जायचं, रेकॉर्डर लावायचा, माणसाला त्याचं आयुष्य त्याच्या शब्दांत सांगू द्यायचं, मग ते शब्दन् शब्द उतरवून काढायचं, त्याला वाचायला द्यायचं, लेखी परवानगी घ्यायची आणि लायब्ररीत अशा ठिकाणी ठेवायचं जिथे पन्नास वर्षांनीही कुणालाही ते ऐकता येईल. अमेरिकेत हे रीतसर सुरू झालं ते १९४८ मध्ये, कोलंबिया विद्यापीठात ॲलन नेव्हिन्स यांनी. तेव्हा मोठ्या लोकांच्याच मुलाखती व्हायच्या, राजकारणी, साहेब लोक वगैरे. खाटा आवरणाऱ्या बायकांना आणि खाणकामगारांना विचारायचं हे शहाणपण नंतर आलं, आणि खरं सांगू का, मजा तिथूनच सुरू होते.

वेगसला कसला आलाय इतिहास? कालपरवाचं शहर ते.

कालपरवाचंच आहे, म्हणून तर मजा. १५ मे १९०५ ला रेल्वे कंपनीने रुळांच्या बाजूच्या जमिनीचे प्लॉट पाडून लिलाव केला, भर उन्हात, तिथून हे शहर धरतात. त्याच्या आधी इथे झरे होते, गवत होतं (लास वेगस या स्पॅनिश नावाचा अर्थच 'कुरणं') आणि हेलन स्टुअर्ट नावाच्या बाईंचं रँच होतं. १८८४ मध्ये नवऱ्याचा गोळी घालून खून झाला, पदरात लहान मुलं, तरी या बाईंनी जवळजवळ वीस वर्षं ते रँच चालवलं आणि १९०२ मध्ये रेल्वेला विकलं.

१९४० मध्ये शहराची लोकसंख्या होती ८,४२२. आपल्याकडे एवढी वस्ती म्हणजे मोठं गाव फार तर. १९५० ला २४,६२४, १९६० ला ६४,४०५, आणि २०२० च्या जनगणनेत ६,४१,९०३, आजूबाजूचा अख्खा क्लार्क काउंटी धरला तर साडेबावीस लाखांच्या वर. म्हणजे एकाच माणसाने लहानपणी धुळीचा रस्ता बघितला आणि म्हातारपणी आठ पदरी हायवे बघितला. शहर जन्माला येताना बघितलेली माणसं रेकॉर्डर लावून बोलू शकतात असं जगात फार कमी ठिकाणी होतं, पुण्याला हे जमणार नाही.

मुलाखती घेतं कोण, आणि असतात कुठे?

मुख्य काम युनिव्हर्सिटी ऑफ नेवाडा, लास वेगस म्हणजे यूएनएलव्हीच्या लायब्ररीतल्या ओरल हिस्टरी रिसर्च सेंटरचं. ते २००३ मध्ये सुरू झालं आणि क्लेटी व्हाइट या त्याच्या पहिल्या संचालक, कितीतरी वर्षं त्यांनीच ते चालवलं. मुलाखती लीड लायब्ररीच्या विशेष संग्रहात आहेत आणि बऱ्याचशा घरबसल्या वाचता येतात, काहींचा आवाजही ऐकता येतो, फुकट. गटागटाने प्रोजेक्ट आहेत: वेस्टसाइडचे कृष्णवर्णीय रहिवासी, ज्यू कुटुंबं, लॅटिनो, आशियाई, अणुचाचणी केंद्रातले लोक. माझ्यासारखीने एकदा त्यात तोंड घातलं की शनिवार-रविवार गेलाच समजा.

जुन्या इमारती, फोटो, पेपर आहेत ना, मग आठवणी कशाला?

इमारती? इथे? अहो हे शहर स्वतःच्या इमारती सुरुंग लावून पाडतं आणि ते बघायला लोक खुर्च्या टाकून बसतात. १९९३ मध्ये ड्यून्स हॉटेल उडवलं, तिथे आता बेलाजिओची ती कारंजी नाचतात ज्यांच्यासमोर तुमचा सेल्फी आहे. १९९६ ला सँड्स गेलं, २००७ ला स्टारडस्ट, आणि २०२४ च्या ऑक्टोबरात ट्रॉपिकाना पाडलं ते ड्रोन आणि फटाक्यांचा शो करून. म्हणजे आपल्याकडे गिरण्या पाडून टॉवर आले तेव्हा निदान लोक हळहळले तरी, इथे टाळ्या वाजतात.

आता विचार करा, एखादी बाई तीस वर्षं एका हॉटेलात रोज चौदा-पंधरा खोल्या आवरत होती. तिचं हॉटेल गेलं, हॉटेलचे कागद गेले, कंपनी तीनदा विकली गेली. त्या खोल्यांबद्दल आता कोण सांगणार? तीच. म्हणून माझं म्हणणं असं की वेगसमध्ये सगळ्यात टिकाऊ बांधकाम जर काही असेल तर ते या टेप आहेत, बाकी सगळं पाडायलाच बांधलंय.

आणि पेपरांचं म्हणाल तर पेपरात गायक फ्रँक सिनात्रा दिसतो. सिनात्राची प्लेट कुणी धुतली ते दिसत नाही.

सगळं माफियानेच बांधलं ना पण?

हा प्रश्न प्रत्येक पाहुणा विचारतो, आणि दर वेळी जरा खाजगी आवाजात! होता, माफियाचा पैसा होता, बग्सी सीगलचं फ्लमिंगो १९४६ च्या २६ डिसेंबरला उघडलं आणि सहा महिन्यात त्याला गोळ्या घातल्या, हे सगळं खरं. पण स्ट्रिपवरचं पहिलं हॉटेल ते नव्हेच, एल रांचो वेगस १९४१ चं आहे, आणि जुगार कायदेशीर झाला १९३१ मध्ये. शिवाय पैसा ओतल्याने शहर होत नाही. पत्ते वाटायला, चादरी धुवायला, पोरांना शिकवायला, पाइप टाकायला माणसं लागतात, ती हजारोंनी आली आणि तीच राहिली. माफियावर इथे चांगलं मोठं म्युझियम आहे, हौस असेल तर जा, मला त्यात आता फारसा रस नाही.

एक गंमत सांगते, स्ट्रिपचा बहुतेक भाग कागदोपत्री लास वेगस शहरात येतच नाही. ती वस्ती पॅराडाइज नावाची, १९५० मध्ये मुद्दाम वेगळी केली, कारण शहराच्या हद्दीत घेतलं असतं तर शहराचा टॅक्स लागला असता.

वेस्टसाइड, वेस्टसाइड म्हणतेस ते काय आहे?

रुळांच्या पलीकडचा भाग. सुरुवातीला शहरात थोडेच कृष्णवर्णीय लोक होते आणि ते डाउनटाउनमध्येच मिसळून राहत, धंदे करत. १९३० नंतर आणि ४० च्या दशकात त्यांना तिथून काढत काढत रुळांच्या पश्चिमेला ढकललं, साधा उपाय, धंद्याचं लायसन्स हवंय तर पलीकडे जा. आणि पलीकडे काय, तर कच्चे रस्ते, गटारं नाहीत, धड पाणी नाही. त्याच वेळी दुसरं महायुद्ध आलं, शेजारी (जिथे मी आता राहते तिथे) बेसिक मॅग्नेशियम नावाचा प्रचंड कारखाना उभा राहिला, बॉम्बसाठी मॅग्नेशियम लागायचं, आणि मजूर हवे होते. अर्कान्साच्या फॉर्डाइसमधून, लुइझियानाच्या टॅलूलामधून माणसं यायला लागली, एक आला की भाऊ, मग मेहुणा, मग अख्खी आळी. कोकणातून मुंबईला गाळ्यावर कसे यायचे, तसंच. मुलाखतींमध्ये ही दोन गावं इतक्या वेळा येतात की आता मला ती ओळखीची वाटतात.

कापसाच्या शेतापेक्षा इथला पगार कितीतरी बरा, म्हणून लोक राहिले. पण घर घेताना करारात अट असायची की गोऱ्यांशिवाय कुणाला विकायचं नाही. कॅसिनोत कामाला जायचं ते मागच्या दाराने, झाडू, किचन, खोल्या. खेळायला बसायचं नाही. नॅट किंग कोल, सॅमी डेव्हिस ज्युनियर यांच्यासारखे स्टार रात्री स्ट्रिपवर गायचे, टाळ्या घ्यायचे, आणि झोपायला वेस्टसाइडला, कुणाच्या तरी घरी खोली भाड्याने घेऊन! एफ स्ट्रीटवरचं हॅरिसन हाऊस अजून उभं आहे, छोटंसं बैठं घर. बाहेर उभं राहून बघितलं की पटत नाही.

पण एक सांगते, या मुलाखती ऐकून फक्त वाईट वाटत नाही. जॅक्सन स्ट्रीटवर स्वतःचे क्लब, दुकानं, चर्च, सलून सगळं होतं, स्ट्रिपवरचे शो संपले की वादक तिथे येऊन पहाटेपर्यंत वाजवायचे. १९५४ मध्ये बर्कली स्क्वेअर नावाची दीडशेएक घरांची कॉलनी झाली, डिझाइन पॉल विल्यम्स यांचं, हॉलिवूडच्या स्टार लोकांचे बंगले काढणारे कृष्णवर्णीय आर्किटेक्ट. तिथे पहिलं स्वतःचं घर घेतलेल्यांच्या आठवणी ऐकायच्या म्हणजे आपल्याकडे चाळीतून पहिल्यांदा वनबीएचकेत गेलेल्या माणसाला ऐकण्यासारखंच.

मूलां रूज हॉटेलची काय भानगड होती?

२४ मे १९५५ ला वेस्टसाइडच्या कडेला हे हॉटेल-कॅसिनो उघडलं, सगळ्या वर्णांच्या लोकांसाठी, वेगसमधलं असं पहिलंच. बॉक्सर जो लुई दारात स्वागताला. उत्तररात्री अडीचच्या सुमाराचा तिसरा शो ठेवला आणि स्ट्रिपवरचे कलाकार, गिऱ्हाईक सगळे तिकडे लोटले. महिन्याभरात लाइफ मासिकाच्या कव्हरवर. आणि सहा महिन्यात बंद! का बंद पडलं यावर दहा माणसं दहा कारणं सांगतात, पैशांचा गोंधळ, कर्ज, स्ट्रिपवाल्यांनी दाबलं, मी त्यात निवाडा करणार नाही.

पण बंद पडलेल्या त्या हॉटेलच्याच कॉफी शॉपमध्ये २६ मार्च १९६० ला बैठक झाली. डॉ. जेम्स मॅकमिलन, शहरातले पहिले कृष्णवर्णीय डेंटिस्ट आणि एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या तिथल्या शाखेचे अध्यक्ष, यांनी महापौरांना पत्र लिहिलं होतं की तीस दिवसांत हा भेदभाव थांबवा, नाहीतर स्ट्रिपवर मोर्चा. पर्यटनावर जगणाऱ्या गावाला मोर्चाचे फोटो पेपरात परवडणार नव्हते. हँक ग्रीनस्पन या संपादकांनी मध्यस्थी केली आणि कॅसिनोंची पुढची दारं उघडली. मॅकमिलन यांनी पुढे हे सगळं स्वतः मुलाखतीत सांगून ठेवलंय म्हणून आपल्याला आतून कळतं.

दारं उघडली ती गिऱ्हाईकांसाठी, हे मात्र नीट लक्षात घ्या. डीलर म्हणून, काउंटरवर, मॅनेजर म्हणून नोकऱ्या मिळायला आणखी अकरा वर्षं आणि कोर्टाचा समझोता लागला, १९७१. घरांबाबतचा राज्याचा कायदाही १९७१ चाच. हॉटेल मात्र नंतर आगींमध्येच संपलं, २००३ ची आग सगळ्यात मोठी.

त्या हॉटेलात काम करणाऱ्या बायकांबद्दल तू नेहमी बोलतेस, त्यांनी नक्की काय केलं?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न त्यामुळे जरा लांबण लागेल.

रुबी डंकन. टॅलूलाच्या, लहानपणापासून कापूस वेचलेला. वेगसला आल्या, हॉटेलच्या किचनमध्ये लागल्या, तिथे सांडलेल्या तेलावरून पाय घसरला आणि अशी दुखापत झाली की काम सुटलं. सात मुलं. सरकारी मदतीवर आल्या. १९७१ च्या सुरुवातीला नेवाडा राज्याने एका झटक्यात हजारो कुटुंबांची मदत तोडली किंवा कापली, फसवणूक करतात म्हणून. या बायकांनी काय करावं? ६ मार्च १९७१ ला मोर्चा काढला, थेट स्ट्रिपवर, आणि सीझर्स पॅलेसच्या आत, कॅसिनोच्या गालिच्यावरून! हजारो लोक, बरोबर अभिनेत्री जेन फोंडा आणि मार्टिन ल्यूथर किंग यांचे सहकारी राल्फ ॲबरनथी. जुगार थांबला. वेगसमध्ये जुगार थांबणं म्हणजे आपल्याकडे लोकल थांबणं. दोन आठवड्यांच्या आतबाहेर केंद्रीय न्यायाधीशांनी मदत पूर्ववत करायला सांगितली.

तिथेच थांबल्या असत्या तरी चाललं असतं, पण १९७२ मध्ये या बायकांनी ऑपरेशन लाइफ नावाची संस्था काढली आणि वेस्टसाइडच्या बंद पडलेल्या हॉटेलात दवाखाना, लायब्ररी, पाळणाघर सुरू केलं. त्या भागात त्याच्या आधी लायब्ररी नव्हती. शाळा अर्धवट सुटलेल्या बायकांनी चालवलेली संस्था, हिशेब-अर्ज-सरकारी फॉर्म सगळं शिकत शिकत. आज रुबी डंकन यांच्या नावाची शाळा आहे गावात.

दुसऱ्या हॅटी कँटी. अलाबामाच्या, १९६१ मध्ये वेगसला आल्या, दहा मुलं, १९७५ मध्ये नवरा गेला. मग खोल्या आवरायच्या नोकरीत. खोल्या आवरता आवरता युनियनमध्ये गेल्या आणि १९९० मध्ये हॉटेल कामगारांच्या कलिनरी वर्कर्स युनियन लोकल २२६ च्या अध्यक्ष झाल्या. ही युनियन साधीसुधी नाही, आज साठेक हजार सभासद. त्यांच्याच काळात फ्रंटियर हॉटेलचा संप झाला, सप्टेंबर १९९१ ते फेब्रुवारी १९९८, सहा वर्षं चार महिने. साडेपाचशे कामगार, चोवीस तास पहारा, वाळवंटातल्या उन्हाळ्यातसुद्धा, आणि इतक्या काळात एकही संपकरी फुटून कामावर गेला नाही असं युनियन अजून अभिमानाने सांगते. आपल्याकडे १९८२ चा गिरणी संप ज्यांच्या घरात झालाय त्यांना 'सहा वर्षं' या शब्दाचं वजन वेगळं सांगायला नको, फरक एवढाच की इथले जिंकले आणि कामावर परत गेले. वेगसमध्ये खोल्या आवरणाऱ्या बाईला स्वतःचं घर घेता येतं, मुलांना कॉलेजात घालता येतं असं जे म्हणायचे त्यामागे ही माणसं आहेत, कॅसिनो मालकांचं मोठं मन नव्हे.

हॉटेलच्या गच्चीवरून अणुबॉम्ब बघायचे हे खरं?

खरं, आणि त्याचं पहाटेचं टाइमटेबल माहीत असायचं. नेवाडा टेस्ट साइट वेगसपासून शंभरेक किलोमीटरवर. पहिला स्फोट २७ जानेवारी १९५१ ला, मग जमिनीवर आणि हवेत धरून १०० चाचण्या, जमिनीखाली आणखी ८२८ (हवेतल्या चाचण्यांवर बंदी आणणाऱ्या १९६३ च्या करारानंतर फक्त जमिनीखालीच), शेवटची सप्टेंबर १९९२ मध्ये. लोक पार्ट्या करायचे, ॲटॉमिक कॉकटेल मिळायचं, शाळेतली पोरं उजेड बघायला अंगणात.

यूएनएलव्हीने यावर वेगळा मौखिक इतिहास केला, दीडशेच्या वर माणसं. मला तो प्रामाणिक वाटतो कारण त्यात एकाच बाजूचे लोक नाहीत. शास्त्रज्ञ आहेत, बोगदे खणणारे खाणकामगार आहेत, आंदोलक आहेत, ती जमीन १८६३ च्या करारानुसार आमचीच आहे म्हणणारे वेस्टर्न शोशोनी या मूळनिवासी जमातीचे लोक आहेत, आणि वाऱ्याच्या दिशेला राहणारे, ज्यांच्या घरात कॅन्सर आला ते आहेत. एकाच स्फोटाबद्दल एक माणूस 'देशासाठी केलं' म्हणतो आणि दुसरा वडील कसे गेले ते सांगतो, दोघंही शांत आवाजात. सलग ऐकू नका, मध्ये चहा घ्या.

हूव्हर धरण वेगसमुळे की वेगस धरणामुळे?

वेगस धरणामुळे. १९३१ ला काम सुरू झालं, मंदीचे दिवस, देशभरातून उपाशी माणसं इथे येऊन नदीकाठी तंबूत राहिली, रॅगटाउन म्हणायचे त्या वस्तीला. १९३१ चा उन्हाळा ४९ अंशांचा, ओल्या चादरी गुंडाळून झोपायचे असं कितीतरी जण सांगतात. सरकारी आकडा ९६ मृत्यूंचा, पण बोगद्यात पेट्रोल गाड्यांच्या धुराने गेलेल्यांना न्यूमोनिया लिहिलं जायचं, ते त्या ९६ मध्ये नाहीत. कृष्णवर्णीय मजूर हजारोंमध्ये मोजकेच, तेही आरडाओरडा झाल्यावर घेतलेले, आणि त्यांना कामगारांच्या नव्या कोऱ्या बोल्डर सिटीत राहायला मनाई, रोज वेगसहून ये-जा.

बोल्डर सिटीत आजही जुगार नाही हं. पाहुण्यांना तिथे आईस्क्रीम खायला नेते मी.

एवढ्या लोकांना पाणी कुठून येतं?

वर्षाचा पाऊस साधारण चार इंच, म्हणजे मुंबईत जुलैतल्या एका दिवसात पडतो तेवढा. ज्या झऱ्यांमुळे गाव वसलं ते उपसून उपसून १९६२ मध्ये आटले. जमिनीतलं पाणी इतकं ओढलं की काही ठिकाणी जमीनच खचली, नॉर्थ लास वेगसमध्ये विंडसर पार्क म्हणून कृष्णवर्णीय कुटुंबांची कॉलनी आहे, १९६० च्या दशकातली, तिथल्या भिंती फुटल्या, घरं कलली आणि लोक दशकानुदशकं दाद मागत बसले. पाण्याचा इतिहास इंजिनीयरच्या तोंडून ऐकला की पाइपलाइनचा असतो, विंडसर पार्कवाल्यांच्या तोंडून ऐकला की भिंतीतल्या भेगेचा.

आता नव्वद टक्के पाणी कोलोरॅडो नदीचं, हूव्हर धरणामागच्या लेक मीड तलावातून. पॅट मुलरॉय यांनी १९९० च्या दशकापासून पाणी खातं चालवलं, लोकांना अंगणातलं गवत काढायचे पैसे दिले, आणि घरात वापरलेलं जवळपास सगळं पाणी शुद्ध करून परत तलावात सोडतात. म्हणजे अंघोळ दहा मिनिटं जास्त केली तर चालेल पण अंगणात पाइप लावलात तर मी रागावेन.

आणि मूळचे लोक? ते कुठे गेले या सगळ्यात?

सदर्न पायूट. झरे त्यांचेच होते. १९११ मध्ये हेलन स्टुअर्ट यांनी डाउनटाउनजवळची दहा एकर जमीन सरकारला त्यांच्यासाठी दिली, ५०० डॉलरला. अख्खं खोरं आणि दहा एकर, बघा.

म्हातारपणी सांगितलेल्या आठवणींवर विश्वास किती ठेवायचा?

तारखांवर कमी, बाकी बराच. वेगसमधली प्रसिद्ध गोष्ट सांगते, एका कृष्णवर्णीय कलाकाराने हॉटेलच्या स्विमिंग पूलमध्ये पाय घातला आणि हॉटेलने अख्खा पूल रिकामा करून घासला. ही गोष्ट कधी डोरोथी डँड्रिजची असते, कधी सॅमी डेव्हिसची, हॉटेलही बदलतं. मग खोटी का? तसं घडल्याचा पक्का पुरावा मागितलात तर हाती काही लागणार नाही. पण इतक्या माणसांना ती सहज खरी वाटली, यावरून त्या काळच्या पूलजवळ त्यांना काय वाटायचं ते कळतं ना.

इटलीतल्या तेर्नीचं उदाहरण या विषयात नेहमी देतात. लुइजी त्रास्तुल्ली नावाचा पोलाद कामगार १९४९ मध्ये नाटोविरोधी निदर्शनात पोलिसांच्या गोळीने गेला, पण गावकरी सांगताना त्याचा मृत्यू १९५३ च्या कामगार कपातीच्या आंदोलनात नेऊन ठेवतात. इतिहासकार आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी ही चूक खोडली नाही, ती का झाली तेच शोधलं. त्या मरणाला गावाला मोठं कारण हवं होतं. चूकसुद्धा पुरावा असते, फक्त वेगळ्या गोष्टीचा. आमच्या आजी पानशेतच्या पुराची तारीख दर वेळी चुकवायच्या पण पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं ते कधीच नाही.

अलीकडच्या लोकांचं काही आहे का, की सगळं जुनंच?

आहे की. लॅटिनो लोकांचा मोठा प्रोजेक्ट आहे, आशियाई लोकांचाही, इथे आशियाईंमध्ये सर्वात जास्त फिलिपिनो. स्प्रिंग माउंटन रोडवरचा चायनाटाउन प्लाझा १९९५ चा, म्हणजे ते आपोआप वाढलेलं जुनं चायनाटाउन नव्हे, ठरवून बांधलेलं, अगदी वेगस पद्धतीने. आणि १ ऑक्टोबर २०१७ च्या गोळीबारानंतर, ज्यात पुढे मरण पावलेले धरून साठ जण गेले, त्याच्याही मुलाखती घेतल्या: नर्स, रक्त द्यायला रांगेत उभे राहिलेले, जखमींना स्वतःच्या गाडीत घालून नेणारे. ते मी थोडंच ऐकलंय, मला जमलं नाही.

मला घरातल्याच कुणाचं रेकॉर्ड करायचं असेल तर?

करा, आणि पुढच्या सुट्टीची वाट बघू नका. मी सासऱ्यांचं करायचं म्हणून चांगला माइक घेतला, प्रश्न टाइप केले, आणि पहिल्याच दिवशी पंख्याचा आवाज त्यांच्यापेक्षा मोठा आला. तर पंखा, फ्रिज, टीव्ही बंद. फोनवर रेकॉर्ड केलं तरी चालतं. 'तुमचं बालपण कसं होतं' असं विचारलंत की 'चांगलं होतं' एवढंच उत्तर येतं, त्याऐवजी 'घराच्या दारातून आत आलं की डाव्या हाताला काय होतं' असं विचारा. गप्प झाले तर गप्प राहू द्या, आपण मराठी लोक ती जागा लगेच भरायला जातो. तारीख चुकली तर मध्ये दुरुस्त करू नका, वहीत लिहून ठेवा. तासाभराच्या वर बसवू नका. आणि शेवटी रेकॉर्डर बंद केल्यावर ते जे बोलतात तेच सगळ्यात भारी असतं, हे प्रत्येकाच्या बाबतीत घडतं, म्हणून निघायची घाई नको, परवानगी विचारून परत चालू करायचा.

वेगसला आलो तर यातलं बघायला काय आहे?

एक सकाळ द्या. झऱ्यांच्या जागी स्प्रिंग्ज प्रिझर्व्ह आहे, तिथून सुरू करा. मग बर्कली स्क्वेअरमधून गाडीने हळू, लोक राहतात तिथे, फोटो काढत घुसू नका. मग हॅरिसन हाऊस. आणि तिथेच एफ स्ट्रीटचा हायवेखालचा रस्ता. २००८ मध्ये हायवे रुंद करताना हा रस्ता भिंत घालून बंद केला होता, वेस्टसाइडला न विचारता, लोक भांडले, विधिमंडळापर्यंत गेले आणि २०१४ मध्ये तो परत उघडायला लावला. आता आत बाजूने वेस्टसाइडच्या इतिहासाची चित्रं आहेत. चालत जा, पण जून ते सप्टेंबर असेल तर सकाळी नऊच्या आत, पाण्याची बाटली माझ्याकडे गाडीत असते.